इवाईंची एकच चुकलेली मोजणी

इवाई, परवा लातूरला तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलत होते, की मला दोनदा वाटलं आपण भलत्याच मंडपात येऊन बसलोय. वंदना झाली, भंतेजींचं बोलून झालं, आणि मग एकेक जण उठून माईक हातात घ्यायला लागला. तुमच्या मोजणी खात्यातले एक निवृत्त साहेब उभे राहिले. म्हणाले, "ह्या माणसानं उभ्या जन्मात एक मोजणी चुकवली न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, कारण अशा वेळी न हलवून चालत नाही.

पण तुमची एक मोजणी चुकली होती. बांधावरचं हातभर इकडंतिकडं नव्हे, चांगली चाळीस किलोमीटरच्या वर चुकली होती. आणि ती चूक मी तुमच्या पाठीमागं, तुम्हाला न विचारता दुरुस्त केली होती. हे त्या मंडपात फक्त मला ठाऊक आहे असं मी समजत होतो. साहेब बोलत होते आणि उठून सगळं सांगून टाकावं असं मला सारखं वाटत होतं. उठलो नाही. सुनेच्या बापाबद्दल भर मंडपात असं काही बोललो असतो तर कमलनं, माझ्या बायकोनं, मला नांदेडपर्यंत पायी आणलं असतं.

म्हणून आता लिहितो. तुम्ही असता तर दुसऱ्या वाक्याला मला तोडून "इवाई, मुद्द्यावर या" म्हणाला असता. सुजाता तुमची लेक आणि माझी सून, त्या नात्यानं आपण इवाई. पुण्याकडं ज्याला व्याही म्हणतात ते. पण आपल्यासारखं तोडून बोलणारे इवाई मी दुसरे बघितले नाहीत. आता मला तोडणारं कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळं लिहायला मजा येत नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं, तो उन्हाळा. मी रेल्वेतली नोकरी नांदेडच्या ऑफिसात संपवलेली. आयुष्यभर माणसं आणि सिमेंट आणि खत नेणाऱ्या गाड्यांची वेळापत्रकं लावली, पण एका शहराला गाडीनं पाणी पाजायचं हे मी नोकरीत असताना कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही लातूरच्या त्या दोन खोल्यांत एकटे. सुजाता रोज सकाळी फोन करून विचारायची, नळाला पाणी आलं का, आणि तुम्ही रोज म्हणायचा, "आलं की." नळ कोरडा होता, टँकरच्या रांगेत तुम्ही उभे राहत होता, हे तिला तुमच्या शेजाऱ्यांकडून कळायचं. ती म्हणायची, बाबा, इकडं या. तुम्ही म्हणायचा, लेकीच्या घरी पाण्यासाठी जाऊ काय?

शेवटी तिनं फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, लेकीच्या घरी येऊच नका. माझ्या घरी या, दारावरची पाटी अजून माझ्या नावाची आहे. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. एसटीनं, चाकूर-अहमदपूर-लोहा करत, खांद्याला एक पिशवी आणि मांडीवर वाकळीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन. कंडक्टरनं विचारलं म्हणे, काका, वाकळीत लेकरू हाय का? तुम्ही म्हणालात, विमान हाय. हे तुम्ही मला स्वतः सांगितलंत, तेव्हा त्यात थोडी भर असणारच.

दारात सुजातानं तांब्या पुढं केला. तुम्ही त्या पाण्यानं पाय धुतले, तोंडावर हात फिरवला, आणि तांब्या तिच्या हातात परत दिलात. प्यायला नाहीत. पिशवीतून तुमची स्वतःची तांब्याची कळशी काढली आणि मला विचारलं, हापसा कुठं हाय? आमच्या गल्लीच्या तोंडाला एक सरकारी हापसा होता. त्या उन्हाळ्यात त्यालाही धाप लागलेली, वीस-पंचवीस वेळा दांडा मारल्यावर कुठं घुटकाभर पाणी यायचं. घरात दिवसाआड का होईना नळाचं पाणी येत असताना तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्या हापशावरून कळशी भरून आणायला लागलात. सरकारी नोकरानं सरकारी पाणी प्यावं, म्हणालात, त्यात कुणाचं सासर येत न्हाई.

मी तुमच्याशी भांडलो. रीतसर भांडलो. आपल्या घरांनी छप्पन सालापासून किती काय सोडलं, देव्हारे सोडले, उपास सोडले, ही एकच रीत तुम्ही खिशात घालून का फिरता? लेकीच्या सासरी पाणी प्यायचं नाही, म्हणजे काय? ज्यांना पाणी मिळू नये म्हणून लोकांनी जंग जंग पछाडलं त्यांची आपण नातवंडं, आणि तुम्ही भरलेला तांब्या परत करता? मी चांगला तापलो होतो. तुम्ही तंबाखूची पुडी उघडलीत, बंद केलीत.

"ती रीत धर्माची न्हाई, इवाई. माझ्या आईची हाय."

आणि मग तुम्ही सांगितलंत. तुमची आई थोरल्या लेकीकडं उन्हातान्हात चालत जायची, तिला बघायची, उंबऱ्यावर बसून बोलायची आणि तशीच कोरड्या तोंडानं तीन कोस परत यायची. लेक दिली, आता तिथलं काही घ्यायचं नाही, तिच्या वाट्याचं घोटभर कमी करायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी विचारलं, मग कमलच्या हातचं वरण कसं चालतं, त्यात काय रॉकेल घालते का ती? तुम्ही शांतपणे म्हणालात, वरण हे वरण हाय, पाणी न्हाई. कमलनं त्या दिवशी तुम्हाला दुसऱ्यांदा वाढलं आणि मला विचारलंसुद्धा नाही.

आता विमानाचं सांगतो. निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्याला तेल लावतात, तुम्ही कॉम्प्युटर घेतलात आणि त्यात तो विमान चालवायचा गेम घातलात. फ्लाइट सिम्युलेटर. म्हणायचा, उभा जन्म जमीन पायानं मोजली, एकदा वरून बघायची हाय. समोर काचेवर विमानाची घड्याळं, बाहेर आभाळ, खाली जमीन, आणि कीबोर्डाच्या चार बटनांवर सगळा कारभार. पण तो गेम उघडला की तुमचं विमान कायम एका परदेशी विमानतळावर उभं असायचं. बाजूला समुद्र, लांब एक मोठा पूल. ते ठिकाण त्या लोकांनी आधीच लावून ठेवलेलं, डिफॉल्ट. तुम्हाला ह्याचा फार राग यायचा. रोज उठून परक्याच्या दारात का उभं राहायचं, म्हणायचा. माणूस निघंल तर आपल्या गावावरून निघंल.

सुरुवातीची जागा बदलायची सोय तुम्ही एकट्यानं शोधून काढलीत, त्याला काही महिने लागले म्हणे. त्यात विमानतळांची यादी होती. यादीत नांदेड होतं. मी म्हणालो, झालं तर मग, नांदेड लावा, उडा आणि उतरा. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू मी परक्याच्या बांधावर बैल घातलाय. "नांदेड हे पोचायचं ठिकाण हाय. निघायचं न्हाई." निघायचं ठिकाण चाकूर. चाकूरला विमानतळ नाही हे गौण. अक्षांश-रेखांश लिहायच्या दोन चौकटी होत्या. तुम्ही पिशवीतून तुमचा जुना, कापडावर चिकटवलेला नकाशा काढून त्यावरून आकडे घातलेत आणि विमान थेट चाकूरच्या रानात उभं केलंत. मग ती जागा कायमची करून टाकलीत. गेम उघडला की चाकूर. खाली तपकिरी-हिरवे तुकडे दिसायचे आणि तुम्ही बोट लावून सांगायचा, ही गावठाणाची बाजू, हा वडवळचा रस्ता, ह्या जमिनीच्या गटात दोघा भावांची सतरा वर्षं भांडणं चालली. मला सगळे तुकडे सारखेच दिसायचे. तुम्ही म्हणायचा, रेल्वेवाल्याला रुळाच्या पलीकडचं काही दिसत न्हाई.

आणि मग तुम्ही प्रतिज्ञा करावी तसा एक पण केलात. चौथा-पाचवा दिवस असेल. सुजाता शाळेत शिकवते, तिला उन्हाळ्याची सुट्टी होती. तिनं तुमच्या कॉम्प्युटरशेजारी पाण्याचा गिलास ठेवला आणि नुसती उभी राहिली. तुम्ही गिलासाकडं बघितलंत, तिच्याकडं बघितलंत, आणि म्हणालात, "ज्या दिवशी चाकूरवरून निघून, माझ्या मोजणीनं, कुणाला न इचारता नांदेडच्या धावपट्टीवर उतरीन, त्या दिवशी तुझ्या घरचं पाणी पिईन. मग मी माझ्या बळावर लेकीच्या दारात आलो असं समजीन." तिनं विचारलं, नक्की? तुम्ही म्हणालात, नक्की. तेव्हा तिचा चेहरा कसा झाला हे तुम्ही बघितलं नाही, कारण तुम्ही लगेच नकाशाकडं वळलात. मी बघितला. लहानपणी परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असेल तेव्हा अशीच दिसत असेल.

त्या दिवसापासून रोज सकाळी चहानंतर उड्डाण. नकाशावर तुम्ही पट्टी लावून दिशा काढली होती, उत्तरेपासून पूर्वेला बत्तीस अंश. अंतर सरळ रेषेत अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. विमानाचा वेग धरून किती मिनिटांनी नांदेड यायला पाहिजे ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवलेलं. विमान उठायचं, दिशा धरायचं, आम्ही सगळे घड्याळाकडं बघत बसायचो. वेळ व्हायची. समोर गोदावरी दिसायची. आणि नांदेड नसायचं. नदी असायची, काठ असायचा, रान असायचं, पण गाव नाही, धावपट्टी नाही, काही नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, वारं होतं. दुसऱ्या दिवशी वारं बंद करून उडालात, तरी नाही. मग म्हणालात, ह्या लोकांनी नांदेड टाकायचंच इसरलंय. मी यादीतलं नांदेड दाखवलं. मी असंही म्हणालो, की नदी आली ना, मग नदी धरून खाली जा, आपोआप नांदेड येईल. आख्खं गाव गोदावरीच्या काठावर आहे. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मला अजून आवडतं. नदी धरून जाणं म्हणजे वाटेत इचारत इचारत जाणं, म्हणालात. त्याला मोजणी म्हणत न्हाईत.

सुजाता रोज गिलास ठेवायची. संध्याकाळी तो गिलास कढीपत्त्याच्या कुंडीत जायचा. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत तेवढं एकच झाड तजेलदार होतं, आणि शेजारच्या बायका कमलला त्याचं गुपित विचारायच्या.

मध्येच एक दुसरंच सांगतो, कारण ते आठवलं की मला अजून हसू येतं. एका सकाळी नांदेड सापडेना म्हणून वैतागून तुम्ही विमान उलटं फिरवलंत आणि मांजरा धरणावर नेलंत. तुमच्या त्या गेममध्ये दुष्काळ पडतच नव्हता. धरण काठोकाठ भरलेलं, निळंशार. तिकडं खऱ्या धरणाच्या तळाला भेगा पडल्याचे फोटो रोज पेपरात येत होते. तुम्ही हाक मारलीत, कमल आली, सुजाता आली, शेजारच्या दोघी आल्या, आणि आम्ही सगळे त्या पडद्यासमोर उभे राहून पाणी बघत राहिलो. तुम्ही पाच-सहा फेऱ्या मारल्यात. शेजारची एक म्हणाली, काका, अजून जरा खालून न्या. दुसऱ्या दिवशी ती तिच्या जावेला घेऊन आली. तुम्ही मात्र मनातून नाराज. माझ्याजवळ म्हणालात, हा रेकॉर्ड खोटा हाय इवाई, जागेवर पंचनामा करून दुरुस्त करायला पाहिजे. पण फेऱ्या रोज मारत होता.

दुपारी उन्हात दुसरं काय करणार, आपण भांडायचो. त्या वर्षी पुन्हा नव्या जिल्ह्याची चर्चा होती, लातूर तोडून उदगीरचा जिल्हा करायची. मी म्हणायचो, करा एकदाचा. तुम्ही म्हणायचा, नवा जिल्हा म्हणजे काय असतं ते मला इचारा. लातूर जिल्हा झाला तेव्हा तुम्ही नोकरीला नवे. उस्मानाबादहून नकाशांची आणि टिपणांची दप्तरं ट्रकमध्ये भरून आणताना तुम्ही वर त्या गठ्ठ्यांवर बसून आला होता. चाकूर तेव्हा तालुकासुद्धा नव्हतं. कलेक्टर कचेरीसमोर लोक नाचले, पेढे वाटले, आणि तुम्ही आतल्या खोलीत कुठलं गाव कुठल्या गठ्ठ्यात गेलं ते महिनाभर शोधत होता. कागदावर रेघ ओढायला एक दिवस लागतो, म्हणायचा, आणि ती रेघ निस्तरायला माणसाची नोकरी जाते. मग वर, "पण लातूरचा जिल्हा झाला ते बरंच झालं." मग उदगीरचा का नको? ह्याचं उत्तर तुम्ही मला कधी दिलं नाही. हे भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि माझं म्हणणं अजून तेच आहे.

महिना गेला, दुसरा संपत आला. एका सकाळी हापशावर मोठी रांग होती, तुम्ही कळशी घेऊन गेलात ते तासभर परत येणार नव्हता. तुमचं विमान चाकूरला उभं होतं. मी खुर्चीत बसलो आणि सहज त्या गेममधला नकाशा उघडला. तुम्ही तो कधी उघडत नव्हता. त्यांचा नकाशा कशाला, आपला हाय की, म्हणायचा. मी बघितलं तर लातूर दिसलं. चाकूर लातूरच्या पूर्वेला, हे मला बसनं येऊन-जाऊन पाठ. विमानाची खूण मात्र लातूरच्या खाली, डावीकडं. जवळ नाव होतं औसा.

मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. औसाच. मग त्या दोन चौकटी उघडल्या. तुम्ही लिहिलं होतं १८.३१ आणि ७६.५२. नकाशावर चाकूरचे अक्षांश अठरा अंश एकतीस मिनिटं, रेखांश शहात्तर अंश बावन्न मिनिटं. आकडे अगदी बरोबर उतरवलेले. आणि तरी विमान औशाला.

मला कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. इवाई, तुम्ही ते सातबाऱ्यासारखं लिहिलं होतं. अडीच एकर रान असलं तर आपल्याकडं जुनी माणसं लिहितात २.२०, म्हणजे दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, तेव्हा वीस गुंठे म्हणजे अर्धा. लिहिणाऱ्याला कळतं, वाचणाऱ्याला कळतं. तसंच तुम्ही अठरा अंश आणि पुढं टिंब देऊन एकतीस मिनिटं लिहिलीत. साठ मिनिटांचा अंश, म्हणजे एकतीस मिनिटं अर्ध्याहून जास्त. पण त्या कॉम्प्युटरला ना गुंठे माहीत ना मिनिटं. त्यानं ते शाळेतल्या दशांशासारखं वाचलं, अर्ध्याच्याही आत, आणि तुम्हाला चाकूरऐवजी औशाच्या वाटेवर आणून उभं केलं. तिथून बत्तीस अंश धरून अठ्ठ्याऐंशी किलोमीटर गेलं, की माणूस पालमच्या आसपास पोचतो. गोदावरी दिसते, नांदेड कसं दिसणार? आणि दोन महिने तुम्ही मला बोटानं दाखवत होता ते गावठाण, तो वडवळचा रस्ता, ते भांडणारे भाऊ, सगळं औशाचं होतं.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? एरवी मी हापशापर्यंत धावत गेलो असतो आणि सगळ्या रांगेला ऐकवलं असतं. तुम्हाला चूक दाखवायची संधी मी कधी सोडली आहे का? पण खुर्चीतून उठताना तो भरलेला गिलास दिसला. चूक दाखवली असती तर तुम्ही ती मान्य केली असती, तेवढे सरळ तुम्ही होता. पण ज्याला स्वतःच्या गावाची जागा लावता आली न्हाई त्यानं लेकीकडं काय मागायचं, असं म्हणून त्याच दुपारी वाकळ आवळली असती. ते पाणी मग तुमच्यापासून आणखी लांब गेलं असतं. आणि न सांगता दुरुस्त केलं, तर तुमचं ते "कुणाला न इचारता" कुठं राहिलं? मग बसलो, एका कागदावर साठानं भाग दिला, १८.५१७ आणि ७६.८६७ असे आकडे घातले, जागा कायम केली, आणि कागद फाडून खिशात ठेवला. चोरी करताना माणसाची छाती इतकी धडधडते हे मला साठीनंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बसलात. मी पेपर तोंडासमोर धरला होता, उलटा असला तरी मला कळलं नसतं. तुम्ही थोडा वेळ उडायचं नाव घेतलं नाहीत. मी म्हणालो, काय करून राहिले इवाई, उडवा की. तुम्ही उडवलंत. दिशा धरलीत. वेळ झाली. गोदावरी आली, आणि तिच्या काठाला धावपट्टी आली. पांढरी, सरळ, नाकासमोर.

तुम्ही विमान उतरवलंत ते धावपट्टीच्या बाजूच्या गवतात, एक पंख जवळजवळ जमिनीला लागलेला, पण उतरवलंत. हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवलेत. मग मागं न बघता म्हणालात, "सुजे, पाणी आण."

गिलास शेजारीच होता, पण ती आत धावत गेली आणि तांब्या भरून आणला. तुम्ही तो वर धरून एका दमात प्यायलात. थोडं पाणी शर्टावर सांडलं. तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, अजून एक. सुजाता दुसरा तांब्या घेऊन आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. कमल म्हणाली, चला, हापशाला सुट्टी मिळाली. मी पेपरमागं होतो. माझे डोळे कुणाला दिसले नाहीत असं मी आजवर धरून चाललो आहे.

पाऊस पडला, तुम्ही लातूरला परत गेलात, पण त्यानंतर वर्षाला दोन-तीनदा तरी येत राहिलात. आलात की दारातच पाणी मागायचा, गल्लीला ऐकू जाईल असं. आणि जाल तिथं सांगायचा, चाकूरवरून निघालो आणि माझ्या मोजणीनं, एका अंशाचा फरक न पडता, नांदेडला उतरलो. लग्नात सांगितलंत, बारशात सांगितलंत, दवाखान्यात नर्सला सांगितलंत. मी प्रत्येक वेळी मान हलवायचो आणि मनातल्या मनात खजील व्हायचो. सांगावं असं फार वेळा वाटलं. गेल्या महिन्यात फोनवर आपण उदगीरवरून भांडलो, तेव्हा तर तोंडापर्यंत आलं होतं, की मोठे मोजणीवाले, तुमचं विमान औशाला उभं होतं. गिळलं. बरं झालं गिळलं, असं त्या दिवशी वाटलं. आठ दिवसांनी तुम्ही गेलात आणि वाटायला लागलं, की मी तुम्हाला फसवलं आणि कबूलही केलं नाही. तुमचा शब्द मी मोडला आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. गेले काही दिवस मला जेवण गोड लागलं नाही ते ह्यामुळं.

परवा त्या साहेबांच्या भाषणानंतर मला राहवेना. परतीच्या बसमध्ये कमल खिडकीला डोकं टेकून झोपली होती, सुजाता माझ्या शेजारी. मी तिला सगळं सांगितलं. औसा, गुंठे, साठानं भागाकार, फाडलेला कागद, सगळं. म्हणालो, बेटा, तुझ्या बापाचा तो पाण्याचा पण मी खोटा पाडला, जमलं तर माफ कर.

सासऱ्याला मामा म्हणायची आपल्याकडची पद्धत, ती म्हणाली, "मामा, बाबांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं."

इवाई, मी एवढा मूर्ख कसा? मोजणी सुरू करण्याआधी पहिली खूण तपासल्याशिवाय तुम्ही कधी साखळी टाकली नाहीत, हे तुम्हीच मला शंभर वेळा ऐकवलेलं. रोज उडण्याआधी तुम्ही त्या दोन चौकटी उघडून बघायचा. त्या सकाळीही बघितल्यात. आकडे बदललेले दिसले, तुम्ही बोटांवर साठाचा हिशोब केलात, आणि तुमची चूक आणि माझी चोरी, दोन्ही तुम्हाला एका मिनिटात कळली. मी पेपरमागून "उडवा की" म्हणत होतो तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

सुजातानं तुम्हाला त्याच संध्याकाळी विचारलं म्हणे, मग बाबा, तुमचा पण तर मोडला, तुम्ही पाणी का पिलात? तुम्ही तिला म्हणालात, "लई तहान लागली होती गं. हापशाच्या पाण्यानं ती जात नव्हती. मला माघार घेता येईना, आणि इवायानं ती माझ्या वतीनं घेतली. त्याला सांगू नको, त्याला वाटू दे मला कळलं न्हाई."

हे तुम्ही मला स्वतः सांगायला पाहिजे होतं, इवाई. मी थोडा वेळ भांडलो असतो, आणि मग आपण दोघांनी मिळून चहा घेतला असता.